शेवटचा जिना

आमच्या ह्यांना अंधाराचं भारी वावडं. अंधाराचं म्हणजे काय, आपल्याला न दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीचंच. घरातले सगळे दिवे ह्यांनी फोनला जोडले आणि ऑफिसात बसल्या बसल्या माझ्यावर पहारा सुरू झाला. "स्वयंपाकघरातला दिवा चाळीस मिनिटं चालू आहे. एवढं काय चाललंय?" भांडी आपोआप घासली जात नाहीत, हे अगदी जिभेवर यायचं. मी म्हणायचे, "बंद करते."

मला एकच जागा उरली होती, गच्चीकडे जाणारा शेवटचा जिना. गच्चीला कायम कुलूप, त्यामुळे तिकडे कुत्रंही फिरकत नाही. खिडकी नाही, भरदुपारी काळोख. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी आणि मी रोज चारला तिथे पंधरा मिनिटं बसायचो. मावशींच्या घरी सून कान टवकारून बसलेली, माझ्या घरी दिवे. मावशी ह्यांना 'कंदील' म्हणायच्या आणि मी पोट धरून हसायचे. दिवसभरात हसू काय ते तेवढंच.

मग हे सोसायटीचे सेक्रेटरी झाले आणि ते खूळ अख्ख्या इमारतीत पसरलं. पार्किंग, लिफ्ट, सगळे जिने. माणूस हलला की दिवा लागणार, नव्वद सेकंद कोणी हललं नाही की विझणार, आणि सलग तीन मिनिटं जळला तर ह्यांच्या फोनवर निरोप. त्यासाठी बाराही घरांच्या सह्या हव्या होत्या. ह्यांना कोण दारात उभं करतंय? कागद माझ्या हातात दिला. "तुझं सगळ्यांशी गोड आहे, तू जा."

गेले. दोन दिवसांत अकरा सह्या आणल्या. मावशी मात्र अडून बसल्या.

"अगं, आपला जिनाही जाईल त्यात. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेस?"

"मावशी, सही नाही नेली तर महिनाभर घरात बोलणी खाईन. माझ्यासाठी करा."

त्यांनी कागद माझ्या हातातून ओढून घेतला आणि सही केली. त्या सहीची मला अजून लाज वाटते.

पहिल्याच दिवशी आम्ही पायरीवर टेकलो, दिवा लखलखला आणि थोड्या वेळात फोन आला. "वरच्या जिन्यात कोण आहे?"

"कोणी नाही, मीच. जळमटं काढतेय."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही न हलता बसायला शिकलो. हात मांडीवर, मान ताठ. नव्वद सेकंद मुकाट्याने काढायची, दिवा विझला की हळूच बोलायचं. बोलण्यावर बंदी नव्हती, हलण्यावर होती. दोन म्हाताऱ्या बाहुल्या मांडून ठेवाव्यात तशा आम्ही बसायचो.

काल अंधारात मावशी म्हणाल्या, "कंदिलाला कळलं ना, तर आपल्याला श्वासाचंही बिल लावेल."

मी हसू दाबलं. दाबलं ते घशाशी आलं आणि त्याचं रडूच झालं. डोळे पुसायला हात उचलायचा नव्हता, म्हणून तशीच बसून राहिले. पाणी हनुवटीवरून खाली ठिबकत होतं. मावशींना ते दिसलं नाही, ऐकू आलं. त्यांनी चाचपडत हात पुढे केला आणि माझा गाल पुसला.

दिवा लागला.

"स्थिर बस गं, विझेल," त्या म्हणाल्या. पण माझे खांदे थांबेनात. मावशींनी मला जवळ घेतलं, आणि मग मी थांबायचा प्रयत्नही सोडला. तीन मिनिटं झाली असावीत. फोन वाजला.

"वर कोण आहे?"

मावशींचा हात अजून माझ्या पाठीवर होता.

"कोणी नाही," मी म्हणाले. "मीच."