अंगणात ओतलेले तेल

मी एक जुने यंत्रतेल आहे. मित्रांनो, मला डबा नाही की झाकण नाही. मी एका अंगणाच्या मातीत, सात-आठ हात खाली आहे.

माझा जन्म जमिनीच्या पोटातला. कारखान्यात गाळून, शुद्ध करून मला एका वर्कशॉपमधल्या लोखंड कातणाऱ्या लेथच्या गिअरबॉक्समध्ये भरले. तिथे मी चाकांचे दाते एकमेकांवर घासू दिले नाहीत. "ऑइल बघा, कसं मधासारखं आहे!" असे ते यंत्र चालवणारे मिस्त्री म्हणायचे तेव्हा मी फुलून जायचे. पुढे लोखंडाचा कीस मिसळून मी काळे पडले.

मिस्त्रींच्या आईला दमा होता. वर्कशॉपला लागूनच घर. अंगणात गाडी आली की धूळ उठायची आणि आई खोकून खोकून अर्धी व्हायची. म्हणून मिस्त्री दर वेळी यंत्रातून काढलेले जळके ऑइल अंगणात ओतत. तशी माझीही पाळी आली. धूळ बसली, आईला झोप लागू लागली. त्यांच्या मनात वाईट नव्हते, हे मी शपथेवर सांगते.

माझा हलका अंश हवेत उडून गेला. मातीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी मला थोडे थोडे खाल्ले. पण माझ्या मागून नवे तेल येतच राहिले, बिचारे किती खाणार? पावसाच्या पाण्याबरोबर मी खाली सरकले. तिथे हवा फारशी पोचत नाही, त्यामुळे मला खाणारेही जवळजवळ कुणी नाही. लोखंडाचा कीस तर कुणीच खात नाही.

एके सकाळी आईने अंगणातल्या विहिरीच्या पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

"पाण्याला तुझ्या मशीनचा वास येतोय रे."

"तुझं नाक म्हणजे ना, आई!" मिस्त्री हसले. मग त्यांनी बादलीत पाहिले. पाण्यावर रंगीत तवंग होता. ते बादली बाजूला सारून आईकडे वळले.

"तुझ्यासाठीच ओतत होतो गं."

"माहीत आहे मला. पण धूळ परवडली असती. ती झटकता तरी येत होती."

विहीर झाकण घालून बंद झाली. मिस्त्री आता लांबून पाणी आणतात. जळके ऑइल पिंपात साठवून ते शुद्ध करणाऱ्याकडे देतात. त्या तेलाला पुन्हा काम मिळते, याचा मला हेवा वाटतो.

मित्रांनो, वापरलेले तेल मातीत ओतू नका, गटारातही नको. ओतायला क्षण पुरतो. मला संपायला किती वर्षे लागतील, हे माझे मलाच ठाऊक नाही. आई अजूनही सवयीने कळशी घेऊन विहिरीपाशी येते, झाकण पाहते आणि खोकत परत फिरते. तिची पावले वरून ऐकू आली की मला मेल्याहून मेल्यासारखे होते.