तोंडपाठ चष्मा

कामतघरच्या त्या घरात कमळच्या ताटाला एक मान होता. घरातलं जे कोणी सगळ्यात धाकटं असेल, त्याला मासा खाऊ घालायचा तो तिच्या ताटातून, तिच्या हाताने. सून आली, मिक्सर आला, घरावर दुसरा मजला चढला, भाताच्या शेतावर गोदामाचे पत्रे उभे राहिले. पण घास तळहातावर दाबून त्यातला काटा बोटांनी वेचायचं काम कमळने कुणाला दिलं नाही. सासूकडून तिच्याकडे आलं होतं, ते तिने घट्ट धरून ठेवलं होतं. आणि तिची कमाई चोख होती. स्वतःची मुलं, पुतणे, नातवंडं, वर शेजारची चार, एवढ्यांना तिने पाला खाऊ घातला होता, म्हणजे ज्याच्यात मांस कमी आणि काटेच जास्त तो मासा. एकाच्याही घशात काटा गेला नव्हता. हे ती स्वतः कधी सांगत नसे. सांगायला नवरा होता. दौलत पाहुण्यांना चहाच्या आधी हे सांगायचा.

मग उन्नतीच्या घशात काटा अडकला.

उन्नती म्हणजे धाकटी नात, अजून शाळेत बूट उलटे घालून जाणारी. तेव्हा कमळच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता आणि तिने ते कुणाच्या कानावर घातलं नव्हतं. आपल्या बोटांना दिसतं, डोळ्यांना काय विचारायचं, असा तिचा खाक्या. डॉक्टरने चिमट्याने काटा काढला, पोर रडून रडून झोपली, आणि सून ऋतिका कमळला एका शब्दाने काही बोलली नाही. ऋतिका भांडणारी असती तर बरं झालं असतं. भांडणात आपल्यालाही चार शब्द बोलता येतात. ती दुसऱ्या दिवसापासून उन्नतीला टेबलावर वेगळी ताटली मांडू लागली. ताटलीवर ससा होता आणि सशावर बिनहाडाचं चिकन.

कमळने मग स्वतःहून डोळे दाखवले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, काही दिवसांनी दुसऱ्याचं. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, काळा चष्मा काढायचा नाही. दौलतला बायकोला घेऊन अकलोलीच्या कुंडावर जायचं होतं, गरम पाण्याने डोळे धुतले की लवकर भरतात असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ऋतिकाने त्याच्याकडे नुसतं बघितलं, तेवढ्याने तो कार्यक्रम रद्द झाला. थेंब मात्र तीच घालायची, वेळ न चुकवता. थेंब घालता घालता एकदा तीच म्हणाली,

"चष्मा येऊ द्या, आई. मग बसवते उन्नतीला तुमच्या ताटाशी."

हे वाक्य कमळने पदराला बांधून ठेवलं.

जखम भरल्यावर नंबर काढायला दोघी रिक्षाने दवाखान्यात गेल्या. ट्रस्टचा दवाखाना, बाकावर रांग, आणि रांगेतली निम्मी माणसं एकाच खोलीत. नंबर काढणाऱ्या मॅडमनी मान वर न करता विचारलं, "आजींना वाचता येतं ना? नाहीतर चित्रांचा कागद आहे."

कमळने तोंड उघडलं होतं. पण ऋतिका आधी बोलली.

"येतं की. सर्टिफिकेट आहे त्यांचं, भिंतीवर लावलंय."

सर्टिफिकेट होतं, हे खरं. फार वर्षांपूर्वी शाळेच्या ओट्यावर संध्याकाळी बायकांचा साक्षरता वर्ग भरायचा, त्याचं. आता कमळ होती धवलारीण. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचे धवले म्हणणारी बाई. तिने गाणं धरल्याशिवाय मांडवात काही पुढे सरकत नाही. एवढे धवले तिच्या पोटात कुठून आले, तर कानातून. एकदा ऐकलं की बसलं. तसंच वर्गातलं पुस्तकही बसलं. राहीबाई मास्तरीण धडा वाचायची, बायका मागून म्हणायच्या, आणि आठ दिवसांत कमळ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत घडाघडा, ओळीखालून बोट फिरवत. तपासणीला आलेला साहेब खूश झाला. बोट एक ओळ मागे राहिलं होतं हे त्याला दिसलं नाही. दौलतने सर्टिफिकेटला काच लावून घेतली, आणि तेव्हापासून कमळ शिकलेली झाली. फसवायचं तिच्या मनात नव्हतं. पण काच लावून झाल्यावर काय सांगणार?

तर त्या खोलीत बाकावर बसून कमळ ऐकत होती. मॅडम प्रत्येकाच्या नाकावर लोखंडी चष्मा चढवत, त्यात हलकी भिंगं घालत आणि हातात एक छापील कागद देत. वर मोठी अक्षरं, खाली उतरत उतरत मुंगीएवढी. माणूस अडला की जरा जाड भिंग, पुन्हा वाचा. 'मोराला पिसारा असतो. माळी बागेला पाणी घालतो. नदीकाठी तांबडी गाय चरते आहे.' पहिला अडला, जाड भिंगावर वाचून गेला. दुसरी बाई वाचून गेली. तिसऱ्या बाबांना दमा होता. कमळला पाठ करायचं नव्हतं. पण तिच्या कानांना कधी कुणी थांबा म्हटलेलं नव्हतं.

तिच्या हातात कागद आला तेव्हा त्यावर राखाडी पट्टे दिसत होते, ओल्या लुगड्यावरच्या सुरकुत्यांसारखे. मॅडमनी सगळ्यात हलकी भिंगं घातली.

"जिथवर दिसतं तिथवर वाचा, आजी."

कमळने बोट ठेवलं आणि मोरापासून तांबड्या गाईपर्यंत एका दमात म्हणून टाकलं. एका दमात नाही खरं तर. माळ्याच्या पुढे दम्याच्या बाबांनी जिथे श्वास घेतला होता, तिथे तिनेही घेतला.

"अरे वा," मॅडम म्हणाल्या. "पहिल्याच भिंगावर शेवटची ओळ. तुम्हाला नंबर फार कमी लागतोय. हलकाच देते."

ऋतिका रिक्षातून नवऱ्याला फोनवर सांगत होती, "आईंनी सगळ्यात बारीकसुद्धा वाचलं, बाकीचे म्हातारे बघतच राहिले." कमळ रस्त्याकडे बघत होती. लांबचं लख्ख दिसत होतं. दुकानांच्या पाट्या, पाट्यांवरची रंगीत अक्षरं, सगळी आपली तिच्याकडे बघत होती.

चष्मा आला. रविवारी दौलत स्वतः बाजारात जाऊन पाला घेऊन आला, चांगला हातभर. "आता बघ," तो सुनेला म्हणाला, "मशीनसारखं काम व्हणार." ऋतिकाने शब्द पाळला. ससा फडताळात गेला, उन्नती आजीच्या मांडीशी येऊन बसली.

कमळने चष्मा नाकावर नीट बसवला आणि ताटात बघितलं.

दारातल्या तुळशीची पानं मोजता आली असती. समोर उभ्या सुनेच्या पदराची टाचणी दिसत होती. ताटात मात्र धुकं होतं. भात म्हणजे एक पांढरा ढीग, मासा म्हणजे त्यावरची पिवळी सावली, आणि पाल्याचा काटा म्हणजे केसाएवढा बारीक, त्याला तर रूपच नव्हतं. ताट लांब धरलं तर दिसेल असं वाटलं, पण हात तेवढा लांब नव्हता. तिने तुकडा तळहातावर दाबला, बोटांनी चाचपला, तीन काटे काढले. चौथा आहे की नाही? मागच्या वेळी याच बोटांनी नाही म्हणून सांगितलं होतं.

घास तयार होता. उन्नतीने आ केला होता. कमळचा हात ताटावरच राहिला.

"आज रस्साभात खा गो बाय," ती म्हणाली.

"मासा?" उन्नती म्हणाली.

"काय झालं, आई?" ऋतिकाने विचारलं.

"सवय न्हाय झाली अजून चष्म्याची. व्हईल."

पुढच्या रविवारीही रस्साभात झाला. त्याच्या पुढच्या रविवारी ऋतिकाने आजीच्या ताटाशी पाट मांडलाच नाही. टेबलावर ससा आला होता. दौलत पेपरामागून म्हणाला, "एवढं चांगलं वाचलंस तिथं, न् घरात काय झालं गो तुला?" कमळला यावर देण्यासारखं उत्तर एकच होतं आणि ते काचेमागे होतं.

ऋतिका तिला पुन्हा दवाखान्यात घेऊन गेली. या खेपेला कमळने ठरवलं होतं, की जेवढं दिसतं तेवढंच बोलायचं. कागद हातात आला.

"दिसत न्हाय," ती म्हणाली.

"पहिली ओळ तरी? मोठी आहे."

मोर जिभेवर येऊन थांबला होता. तिने ओठ मिटून घेतले. "न्हाय."

मॅडमनी मागच्या तपासणीचा कागद काढला, बघितला, पुन्हा बघितला. चेहरा बदलला. "मागच्या वेळी शेवटची ओळ वाचली होती यांनी. एवढ्यात नजर इतकी उतरली म्हणजे आतल्या पडद्याला सूज असेल. थेंब घालून डॉक्टर बघतील. वेळ पडली तर डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं, ते इथे नाही, ठाण्याला."

थेंब घातले गेले. कमळला बाकावर डोळे मिटून बसवलं. शेजारी ऋतिकाच्या बांगड्या एकसारख्या वाजत होत्या. ती फोनवर ठाण्याच्या दवाखान्याचा पत्ता विचारत होती. तिचा आवाज कापत होता. कमळने तो आवाज उन्नतीच्या काट्याच्या दिवशी ऐकला होता, त्यानंतर आजच. सर्टिफिकेट एका बाजूला आणि डोळ्यातली सुई दुसऱ्या. मधे बसायला जागा नव्हती.

"ऋतिका," ती म्हणाली, "मना वाचता न्हाय येत."

"थेंबांनी तसंच होतं, आई. उतरेल."

"थेंबांनी न्हाय. कवाच न्हाय आलं."

बांगड्या थांबल्या. कमळने मिटल्या डोळ्यांनीच सुरू केलं. मोर, पिसारा, माळी, आणि माळ्याच्या पुढे दम्याचा श्वास, मग नदीकाठची गाय. बाकावरची माणसं बोलायची थांबली.

ऋतिका म्हणाली, "आणि भिंतीवरचं?"

"ता पन असंच."

"मी इथे तुमच्या डोळ्यात सुई जाणार म्हणून देव आठवतेय," ऋतिका हळू आवाजात म्हणाली, "आणि तुम्ही मोर घेऊन बसलाय." मग ती उठली. आत जाऊन तिने मॅडमना काय सांगितलं ते कमळला ऐकू आलं नाही; तिच्या कानांनी पहिल्यांदाच माघार घेतली होती. डॉक्टरांनी पडदा बघितला, ठीक होता. दुसऱ्या दिवशी चित्रांचा कागद आला. त्यावर तीन दातांचे कंगवे, कुणाचं तोंड कुठे ते बोटाने दाखवायचं. यात पाठ करण्यासारखं काहीच नव्हतं. भिंगं जाड होत गेली, आणि एकाएकी कमळला कागदाचा पोत दिसला, स्वतःचं नख दिसलं, नखातली हळद दिसली.

परत येताना रिक्षात ऋतिका म्हणाली, "बाबांना मी सांगणार नाही." एवढंच. हे उपकार होते की वसुली पुढे होणार होती, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

नवा चष्मा आला आणि पुन्हा पाला आला. या वेळी कमळने ताटात बघितलं तर सगळे काटे हजर. मोठे, धाकटे, दोन टोकांचे, केसासारखे, ताटाच्या कडेला त्यांची रास लागली. असा निर्धोक घास तिने उभ्या आयुष्यात केला नव्हता. तो तिने उन्नतीपुढे धरला.

उन्नतीने घासाकडे बघितलं नाही. तिने आईकडे बघितलं.

ऋतिका पुढे झाली, आजीच्या हातातल्या घासावर वाकली, बोटाने जरासा उकलून पाहिला. काही नव्हतं. "खा," ती म्हणाली. कमळला तिच्या पापण्यासुद्धा स्वच्छ दिसल्या. जुन्या धुक्यात एवढं दिसलं नसतं.

"बघ, बघ," दौलत कौतुकाने म्हणाला.

उन्नतीने आ केला, घास घेतला, पण चावला नाही. तो तसाच गालात धरून ती बसली. नव्या भिंगातून कमळला तो इवलासा गाल आतून हलताना दिसत होता. आधी खाली, मग वर, मग दाढेच्या मागे. पोर जिभेने आजीच्या घासात काटा शोधत होती.

कमळ थांबली. गाल हलायचा राहिला, उन्नतीने गिळलं, तेव्हा कुठे तिने दुसऱ्या तुकड्याला हात घातला. वेचून झाला, तरी तो तिने पुन्हा उकलला आणि पहिल्यापासून बघायला लागली.