वीतभर वर

मार्चमधल्या त्या रविवारी झुंबर गांगुर्डे सर समाजमंदिराच्या अंगणात गुडघे टेकून नळीचा स्क्रू आवळत होते, आणि त्यांची मुलगी संजना गच्चीच्या कठड्याशी मुठीत दोरा धरून उभी होती. दोऱ्याच्या टोकाला, मुठीच्या वीतभर खाली, पावडरचा रिकामा डबा लटकत होता. दरवर्षी जयंतीच्या आठवड्यात सर कॉलनीतल्या मुलांना हा प्रयोग दाखवायचे आणि त्याआधी एकदा तालीम घ्यायचे. अंबडच्या कारखान्यात लागलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना स्प्रिंगची नळी बनवून दिली होती. घोडा दाबला की तिच्यातून काचेची गोटी सुटायची; त्याच क्षणी संजना वरून दोरा सोडायची आणि गोटी पडत्या डब्याला लागायची.

"ताई, डबा हलतोय," प्रफुल्लने खालून हाक दिली. तोही सरांचाच विद्यार्थी. आता त्याचे स्वतःचे क्लास होते.

"वारा आहे. त्यालाही क्लासला बसव."

"फी भरणार असेल तर बसवतो." मग तो सरांकडे वळला. "सर, मी काय म्हणतो, यंदा लोहचुंबक लावूया ना. घोडा दाबला की करंट बंद, डबा आपोआप सुटणार. माणसाच्या हाताचा काय भरवसा?"

सरांनी मान वर केली नाही. "संजनाचा हात आहे तो," ते म्हणाले. "भरवशाचा आहे."

संजनाने ते ऐकलं. काहीतरी बोलावं असं तिला फार वाटलं. पण तेवढ्यात तिची आई, सुमनबाई, चहाची किटली घेऊन फाटकातून आत आल्या.

"तीस-पस्तीस वर्षं फिजिक्स शिकवलं," त्या म्हणाल्या, "आणि घरात मिक्सर बिघडला की शेजारच्याला बोलवावं लागतं. उठा आता, चहा निवतोय."

"एकदा होऊ दे," सर म्हणाले. "एक, दोन, तीन."

टण् आवाज झाला. डबा हवेतच उडाला आणि खडखडत फरशीवर पडला. सरांनी स्क्रूवरून बोट फिरवलं आणि चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुधाची पिशवी घेऊन आले, ओट्यावर ठेवली, जरा बसतो म्हणाले. सुमनबाई दूध तापवून बाहेर आल्या तेव्हा ते खुर्चीतच होते. मान थोडी कलली होती, एवढंच.

सरांचा जलदानविधी झाला. पाहुणे गेले. घरात माणसं कमी आणि खुर्च्या जास्त झाल्या. संजना कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती. ती पुन्हा कामावर जाऊ लागली. पुस्तकं देत राहिली, घेत राहिली. जन्मभर वाचनावर पोसलेल्या या बाईला महिनाभर एक पान वाचता आलं नाही. मग जयंती समितीचे मोतीराम काका घरी आले. टोपी काढून बसले आणि म्हणाले, "सरांचा प्रयोग यंदा व्हायलाच पाहिजे, पोरी. पोरं विचारायला लागलीत. नळी प्रफुल्ल चालवील. वरती तू."

संजना हो म्हणाली. नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

प्रयोगाच्या संध्याकाळी अंगण भरून गेलं. पहिल्या ओळीत सुमनबाई पांढऱ्या साडीत बसल्या होत्या. सरांचा फोटो टेबलावर होता. फरशीवर ऑइलपेंटने केलेल्या तीन खुणांवर नळीची तिवई ठेवली होती, सर ठेवायचे तशीच; स्क्रूही त्यांनी आवळलेला तसाच होता. संजना गच्चीवर गेली, डबा कठड्याखाली लटकवला, दोरा मुठीत धरला.

प्रफुल्लने माइक घेतला. "सांगा बरं, घोडा दाबताच डबा पण खाली सुटणार आहे. मग नेम कुठे धरायचा?"

"खाली," मुलं ओरडली. "डबा पडणार ना."

"वरती," दुसरी म्हणाली. "गोटी पण पडते."

"सर काय सांगायचे? थेट डब्यावर. का? पृथ्वी ओढत नसती तर गोटी सरळ रेषेत जाऊन डब्यालाच लागली असती. आता पृथ्वी दोघांनाही ओढते. गोटी पुढे पळता पळता पडते, डबा जागच्या जागी पडतो, पण एका वेळेत दोघं सारखंच खाली येतात. गोटी पुढे पळतेय म्हणून तिचं पडणं कमी होत नाही. म्हणून दोघांची गाठ पडते. अट एकच, दोघं एकाच क्षणी सुटले पाहिजेत."

"आणि नाही लागली तर?" मागून कुणीतरी विचारलं. हशा झाला.

"नाही लागली तर सर चुकले म्हणायचं," प्रफुल्ल म्हणाला. "पण सर कधी चुकले नाहीत."

संजनाने गच्चीवरून नळीकडे बघितलं.

अकरावीत असताना ती एका तालमीच्या दिवशी, सर पाणी प्यायला गेलेले बघून, खाली आली होती. दोरा वर कठड्याच्या गजाला बांधून ठेवला होता, तिची मूठ असायची नेमकी त्याच जागी. सहज म्हणून तिने नळीला डोळा लावला. समोर डबा दिसायला हवा होता. दिसली ती दोऱ्याची गाठ. दरवर्षी मुलांना थेट डब्यावर नेम धरा म्हणून सांगणारा तिचा बाप स्वतः तिच्या मुठीवर नेम धरत होता.

का, ते तिला तिथेच कळलं. ‘तीन’बरोबर दोरा सोडायचा असायचा, ती ‘तीन’ ऐकून सोडायची. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो, पण तेवढ्यात गोटीचं पडणं सुरू झालेलं असायचं आणि डबा अजून वरच असायचा. गोटी त्याच्या खालून निघून गेली असती. म्हणून सर नळी वीतभर वर धरायचे. पुढच्या वर्षी तिने घाई करून पाहिली, तर दोरा ‘दोन’लाच सुटला आणि सगळे हसले. सर हसले नाहीत. ‘परत करू,’ म्हणाले.

ती काही बोलली नाही, तेही बोलले नाहीत. बोललं असतं तर त्याच वर्षी चुंबक आलं असतं आणि गच्चीवर तिचं काम उरलं नसतं. हे सरांनाही कळत असावं.

खाली प्रफुल्ल वाकून नळीतून बघत होता. बघता बघता त्याने डोळा काढला, नळीचं तोंड चाचपलं, पुन्हा बघितलं. "कुणीतरी हात लावलाय वाटतं," तो म्हणाला. "नेम सरकलाय."

त्याने स्क्रू सैल केला. गच्चीवरून संजनाला नळीचं काळं तोंड हळूच खाली जाताना दिसलं, तिच्या मुठीवरून डब्यावर. त्याने स्क्रू पुन्हा आवळला. त्याचं काही चुकलं नव्हतं. सरांनी शिकवलं तसंच तो करत होता.

वारा नव्हता. डबा स्थिर होता. यंदा नेमका सुटेल हात, तिने स्वतःला सांगितलं. आणि नाही सुटला तर? आईच्या समोर, फोटोच्या समोर, एवढ्या मुलांच्या समोर गोटी डब्याच्या खालून जाईल, आणि मुलं म्हणतील, सर चुकले. दोरा ओढल्यासारखा करून गुंता झाला म्हणता येईल. पण मग पुन्हा एक, दोन, तीन आहेच.

"तयार, ताई?"

तिने मान हलवली.

"एक."

मुलं त्याच्याबरोबर मोजू लागली.

"दोन."

"थांब," संजना म्हणाली.

आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. प्रफुल्लने बोट घोड्यावरून काढलं. सगळ्या माना वर झाल्या; सुमनबाईंचीसुद्धा.

"काय झालं, ताई?"

"नळी वर घे. होती तिथे."

"थेटच आहे की. बघितलं मी. आधी सरकली होती."

"सरकली नव्हती. पप्पांनीच तशी लावली होती."

"सर असं कशाला लावतील?" प्रफुल्ल हसला, पण अर्धवट. "सर तर थेट..."

"शिकवायचे थेट. धरायचे माझ्या मुठीवर." तिने मूठ कठड्याबाहेर काढून दाखवली. "माझा हात उशिरा सुटतो, प्रफुल्ल. लहानपणापासून. ते मला सांभाळून घ्यायचे. दरवर्षी."

मोतीराम काका उठले आणि पुन्हा बसले. सुमनबाई वर बघत होत्या, हात मांडीवर तसेच ठेवून.

प्रफुल्लने स्क्रू सैल केला. नळीचं तोंड हळूहळू वर येऊ लागलं. ते तिच्या मुठीवर येऊन थांबेपर्यंत संजना त्या काळ्या भोकात बघत राहिली, जणू पलीकडे अजून कुणी डोळा लावून बसलंय.

"मला माहीत होतं, पप्पा," ती म्हणाली. "मी नळीतून बघितलं होतं."