रेघेतला खड्डा

चपला हातात घेऊन सूनबाई स्वतःच्याच घरात चोरासारखी शिरली. बैठकीच्या खोलीत कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात ओट्यावर चहाचं भांडं रिकामं पडलं होतं. गॅलरीचं दार मात्र लोटलेलं होतं आणि पलीकडून कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज येत होता.

गॅलरीत तिची पेटी होती. कपाटाएवढी, पत्र्याची, आत एक क्षार भरलेला. दिवसभर उन्हाच्या उष्णतेने तो क्षार वितळायचा आणि ऊन उतरलं की सावकाश गोठता गोठता ती ऊब परत द्यायचा. समोरच्या बाजूला ऊब कोंडून ठेवणारं जाडजूड झाकण. संस्थेच्या गच्चीची दुरुस्ती निघाली म्हणून हिवाळ्यापुरती ती पेटी घरी आणली होती. सासूबाईंच्या कुंड्या त्यापायी जिन्यात गेल्या, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी पेटीचं बारसं करून टाकलं होतं. भाकड म्हैस.

म्हशीचं एक दुखणं सूनबाईला कळत नव्हतं. पेटीतलं तापमान संस्थेतल्या पडद्यावर रेघ होऊन उमटायचं. रेघ दिवसभर शहाण्या मुलीसारखी चढायची आणि चार वाजले की धाडकन खड्ड्यात पडायची. संध्याकाळी पुन्हा सावरायची. तिने तापमापक बदलला, तारा बदलल्या, फटी लिंपल्या. खड्डा तिथेच. नवलाची गोष्ट म्हणजे रविवारी तो पडायचा नाही. स्वच्छ ऊर्जेच्या संशोधनाला पैसा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीकडे अर्ज करायची मुदत शुक्रवारी संपत होती. डॉक्टरेटनंतर ठरावीक वर्षांच्या आतच तिथे अर्ज करता येतो, आणि तिचं हे शेवटचं वर्ष होतं. निधी मिळाला नाही तर संस्था पेटी भंगारात काढणार आणि तिला दुसऱ्यांच्या यंत्रांना प्रमाणपत्रं देणाऱ्या विभागात बसवणार, हे संचालकांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. अर्जातले तिचे परदेशी भागीदार प्राध्यापक त्याहून गोड. तेवढा भाग आलेखातून वगळा, कुणी विचारणार नाही, असं त्यांनी कळवलं होतं. तिला ते पटेना. म्हणून आज चारच्या सुमारास ती न सांगता घरी आली होती.

तिने दार ढकललं.

पेटीचं झाकण भिंतीला टेकवून ठेवलं होतं. समोर तीन खुर्च्या. तीन म्हाताऱ्या पाय वर करून, तळवे पेटीच्या उबदार पत्र्याला लावून बसल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई घोरत होत्या. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकू कुणाचं तरी पोलकं उसवत होत्या. आणि मधोमध, पायात लोकरी मोजे घालून, खुद्द सासूबाई मटार सोलत होत्या.

"अगंबाई, आज लवकर?" सासूबाई म्हणाल्या. पाय मात्र त्यांनी खाली घेतले नाहीत.

"आई, हे रोज चालतं?"

"रोज कुठे? रविवारी तू घरी असतेस."

काकूंनी पोलक्यात तोंड खुपसलं. सूनबाईला खरं तर हसू यायला हवं होतं. पण दोन महिन्यांची झोप तिच्या डोळ्यांत साठली होती आणि शुक्रवार परवावर आला होता.

"मी तिकडे डोकं फोडून घेतेय, आणि तुम्ही इकडे पाय शेकताय? ते खेळणं नाही, आई. माझी अख्खी नोकरी आहे त्या पेटीत."

नर्सबाई जाग्या झाल्या. सासूबाईंनी शेवटची शेंग सोलली, पाय खाली घेतले आणि उठल्या.

"दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची हौस नाही मला," त्या म्हणाल्या. "आणि तुझं ते झाकण. उचलता उचलता मनगट गेलं माझं. आम्ही आपलं सहन केलं."

खुर्च्या आत गेल्या. सूनबाई पेटीसमोर एकटी उभी राहिली. मग तिने चपला खाली ठेवल्या, आणि पत्र्याला हात लावला. छान ऊब होती. आपल्या पेटीशी पाय टेकून आपण स्वतः एकदाही बसलो नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

अर्जात एक प्रश्न होता: हे तंत्र वापरणाऱ्या लोकांचा सहभाग कसा घेणार? दुसऱ्या वर्षी ज्येष्ठ नागरिकांशी सल्लामसलत करण्यात येईल, असं तिने ठोकून दिलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिने ते वाक्य खोडलं. खड्डा जसाच्या तसा ठेवून खाली लिहिलं की हा बिघाड नाही, हा वापर आहे. तीन स्त्रिया संपूर्ण हिवाळा, संशोधिकेला पत्ता लागू न देता, या पेटीजवळ बसत आल्या आहेत. परदेशी प्राध्यापकांनी मसुद्यावर एकच उद्गारचिन्ह काढून पाठवलं. अर्ज गेला.

आणि रेघ सरळ झाली.

भांडणाच्या दुसऱ्या दिवसापासून चार वाजायचे, रेघ ढिम्म हलायची नाही. सूनबाईने माफी मागितली. सासूबाईंनी "अगं, त्यात काय एवढं" म्हटलं, तिला आवडणारी भाजी केली, आणि पेटीकडे ढुंकून पाहिलं नाही. नर्सबाई जिन्यात भेटल्या की गुडघा चोळत कुंड्यांची चौकशी करायच्या. सूनबाईला ती गुळगुळीत रेघ बघवेना. बिनचूक होती, पण घरातली माणसं उठून गेल्यावर खोली दिसते तशी दिसायची.

पाच आठवड्यांनी निधीवाल्यांचं बोलावणं आलं. पडद्यावरून मुलाखत, आणि पेटीची चालू रेघ सोबत दिसली पाहिजे. मुलाखतीच्या आदल्या रविवारी तिने करवत काढली. झाकणाचे दोन तुकडे केले. वरचा मोठा तुकडा पक्का बसवला. खालच्या लहान तुकड्याला बिजागऱ्या लावल्या आणि जुन्या कपाटाची लाकडी मूठ. एका बोटाने ओढलं तरी उघडत होतं.

"प्रयोग चालू असताना बदल?" नवऱ्याने विचारलं.

"नोंद केली आहे."

"काय म्हणून?"

"मनगट."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. भुसा आवर म्हणजे झालं, एवढंच म्हणाल्या.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी नवऱ्याने तिला हळूच बाजूला घेतलं.

"मी आईला सांगू का, आज जरा बस म्हणून? थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे. माझं ऐकेल ती."

तिला मोह झाला.

"सांगून बसवलं तर नाटक होईल," ती म्हणाली. "नको."

"आणि सरळ रेघेचं काय सांगशील?"

"झालं ते सांगेन."

निधीवाल्यांकडे सकाळ होती, इकडे दुपार कलत होती. संस्थेच्या छोट्या खोलीत ती पडद्यासमोर बसली. समोर तिघेजण. मधल्या अध्यक्षबाईंच्या गळ्यात चष्मा साखळीला लटकत होता. उजवीकडचे किडकिडीत गृहस्थ कागदातून डोकं वर काढत नव्हते. पडद्याच्या कोपऱ्यात पेटीची रेघ शहाण्यासारखी चढत होती.

पहिले प्रश्न सोपे गेले. क्षार किती वर्षं टिकेल, खर्च किती, गळती झाली तर काय. मग किडकिडीत गृहस्थांनी डोकं वर काढलं.

"तुमचा सगळा अर्ज या तीन स्त्रियांवर उभा आहे. पण गेल्या पाच आठवड्यांच्या नोंदींत वापर दिसत नाही. त्यांनी पेटी सोडून दिली?"

"हो."

"काही तांत्रिक कारण?"

"नाही. कारण मी आहे. मी त्यांच्यावर रागावले."

तिघांनीही तिच्याकडे पाहिलं. संचालक दाराशी उभे होते, त्यांनी कपाळाला हात लावलेला तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. आता बोललेच आहे तर सगळंच सांगावं, असं तिला वाटलं, आणि मन एकदम हलकं झालं.

"माझ्या सासूबाई आहेत त्या," ती म्हणाली. "माफी मागितली, उपयोग झाला नाही. मग झाकण बदललं. पूर्वीचं जड होतं. हे मला दोन वर्षांत एकाही चाचणीत कळलं नव्हतं, त्यांनी भांडताना सांगितलं."

"आणि झाकण बदलल्यावर?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"अजून तरी काही नाही."

किडकिडीत गृहस्थांनी कागदावर काहीतरी लिहिलं. अध्यक्षबाई तिचे आभार मानायच्या बेतात होत्या. सूनबाईने मनातल्या मनात प्रमाणपत्रांच्या विभागातली आपली खुर्चीसुद्धा पाहून घेतली. ती खिडकीपासून लांब होती.

तेवढ्यात अध्यक्षबाई थांबल्या. त्यांनी गळ्यातला चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला.

"हे काय होतंय?"

कोपऱ्यातली रेघ वाकली होती. आधी जराशी, मग सरळ खाली, सवयीच्या रस्त्याने निघालेल्या माणसासारखी बेधडक. सूनबाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने तोंडावर हात धरला, पण डोळ्यांतलं हसू काही झाकता आलं नाही.

किडकिडीत गृहस्थ खुर्ची ओढून पडद्याच्या इतके जवळ आले की त्यांचं नाकच मोठं दिसू लागलं.

"हे किती वेळ चालेल?"

"ते," सूनबाई म्हणाली, "गप्पांवर आहे. पाच आठवड्यांच्या साठल्या असतील."