चार बाटल्या, एक रंग

वर्षातून एकदा, एका सकाळी चार छोट्या बाटल्या भरून दिल्या की डॉक्टरला वर्षभराची झोप मिळायची. इतका किफायतशीर सौदा त्या कंटेनर यार्डात दुसऱ्या कोणाला जमला नव्हता. चारांतली एक बाटली त्याची स्वतःचीच, म्हणजे ती खर्चात धरायची नाही. उरल्या तीन. त्यांच्या बदल्यात बाकीचे तिघे क्रेनचालक त्याच्या वाटणीची रात्रपाळी आपसांत वाटून घेत, आणि डॉक्टर दहाच्या ठोक्याला उशीला डोकं लावून थेट सहाला उठत असे.

"अरे आटप की," दवाखान्यामागच्या संडासाच्या दारावर थाप मारत लंबू म्हणाला. "भरतोयस का मोजतोयस?"

"घाई केली की धार तुटते," आतून उत्तर आलं. "त्याला शास्त्र आहे."

"शास्त्र सावकाश सांग. आधी माझी बाटली दे."

लंबूच्या मागे नवरदेव उभा होता. त्याच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि पदरात दोन पोरं होती, पण रोज भांग पाडून, इस्त्री करून कामावर येई म्हणून त्याचं नाव काही सुटलं नव्हतं. त्याच्यामागे भाऊजी. ते डॉक्टरच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पण हाक सगळ्या यार्डाने उचलली होती. फोरमनसुद्धा त्यांना भाऊजीच म्हणे.

डॉक्टर काही डॉक्टर नव्हता. अठ्ठावीस वर्षांचा क्रेनचालक होता, आणि प्रकृती हा त्याचा छंद होता. दुसरी पोरं गाडीला जपतात तसा हा देहाला जपायचा. सकाळी अर्धा तास चालणं, दोन उकडलेली अंडी, चहात साखर नाही, सिगारेटचा वास आला तरी चार पावलं लांब. आणि पाणी. पाण्यावर तो एवढा बोले की ऐकणाऱ्याला तहान लागायची.

बाकीचे पाणी पीत नसत, त्याला कारण होतं. क्रेनची केबिन एकशे बारा पायऱ्या वर. उतरा, जा, पुन्हा चढा, यात वीस मिनिटं जायची आणि खालून फोरमन घड्याळ दाखवायचा. म्हणून पोरं सकाळपासून घसा कोरडाच ठेवत. डॉक्टर मात्र दोन लिटर प्यायचा आणि पाळीत तीनदा खाली उतरायचा. "तुझा अर्धा पगार जिन्यालाच दिला पाहिजे," असं फोरमन म्हणे.

सौद्याची सुरुवात चार वर्षांपूर्वी झाली. तेव्हाच्या वार्षिक तपासणीत भाऊजींची लघवीची बाटली उकळलेल्या चहासारखी निघाली. त्यावर 'पुन्हा तपासा' असा शेरा पडला. शेरा कायम झाला तर क्रेन जाणार, खाली गेटवर बसावं लागणार. भाऊजी मेहुण्याला बाजूला घेऊन म्हणाले होते, "तुझी दे ना थोडी. घरचीच आहे, काही बिघडत नाही." ते लंबूने ऐकलं, नवरदेवाला कळलं, आणि मग रीतच पडली. डोळ्यांचा तक्ता तर काय, वर्षानुवर्षं तोच टांगलेला. त्याची अक्षरं सगळ्यांना पाठ होती.

चार बाटल्या गेल्या. चौघं बाकावर बसून राहिले.

दहा मिनिटांनी दवाखान्यातल्या सिस्टर बाहेर आल्या. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं, आणि आज त्या हसत होत्या.

"आत या. सगळे या."

खिडकीच्या कट्ट्यावर चार बाटल्या ओळीने उभ्या होत्या. ऊन त्यांच्यातून आरपार जात होतं आणि चारींचा रंग एकच होता. झगझगीत पिवळा, दुकानातून आत्ताच आणलेल्या हेल्मेटसारखा.

"चौघं एकाच आईच्या पोटचे का रे तुम्ही?" सिस्टर म्हणाल्या.

"हा रंग बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने येतो. कोण घेतंय गोळी?"

डॉक्टरने आठ दिवसांपूर्वीच सुरू केली होती. एवढी तब्येत राखली, मग जीवनसत्त्वांचीच कसर कशाला ठेवायची, असा विचार. त्याने हात वर केला.

"बाकीच्यांना ह्या एका गोळीने वाऱ्यावरून रंग दिला वाटतं." सिस्टरांनी चारही बाटल्या मोरीत ओतल्या. "वही आज कोरी राहील. उद्या सकाळी सातला चौघं इथे. बाटल्या माझ्या, आणि दाराशी मी उभी. लाजू नका, तुमच्यात बघण्यासारखं काही नाही."

बाहेर पडल्यावर लंबूला हसू आवरेना. "तब्येत राखून राखून आम्हाला बुडवलंस लेका!" डॉक्टरही हसला. भाऊजी हसले नाहीत. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

संध्याकाळी डॉक्टर बहिणीकडे गेला. आठवड्यातून दोनदा तो तिथेच जेवायचा. हल्ली त्या घरात शिरताना त्याची छाती जरा पुढे असे, कारण इतकी वर्षं कानीकपाळी ओरडून भाऊजी अखेर सुधारले होते. जेवताना तांब्यावर तांब्या पाणी पीत होते. वर्षात नऊ किलो उतरले होते. ताई एकदा तक्रारीच्या सुरात म्हणाली होती, "रात्री चार-चारदा उठतात रे. माझ्या झोपेचं खोबरं होतं." त्यावर डॉक्टर मोठ्या दिमाखात म्हणाला होता, "पाणी पितात ना आता, मग उठणारच. शरीर धुतलं जातंय, ताई. चांगलं लक्षण आहे." ताईने ते मानलं होतं. आपला भाऊ वाचणारा, नेमाने वागणारा. त्याचं नाही ऐकायचं तर कोणाचं?

ताई आत पोळ्या लाटत होती. भाऊजींनी मेहुण्याला गॅलरीत ओढलं.

"आज गोळी घेऊ नकोस."

"का?"

"उद्या पहाटे एका लहान बाटलीत भरून दे. मोज्यात घालून नेतो. सिस्टर दाराबाहेरच असणार, मोज्यात थोडीच बघणार."

डॉक्टर हसला. "कशाला पण? आता तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाणी पिता. स्वतःचीच द्या. बघा कशी काचेसारखी निघते."

भाऊजी कठड्यावर हात टेकून खाली पाहत राहिले. खाली कोणाची तरी सायकल पडली होती आणि ती कोणी उचलत नव्हतं.

"तुझ्या सांगण्यावरून नाही पीत मी," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तहान जातच नाही. पितो, पुन्हा पितो, तरी जीभ टाळूला चिकटते. वजनाचं म्हणशील तर दुप्पट जेवतो मी. तूच सगळ्यांना सांगत सुटलास, भाऊजींनी मनावर घेतलं म्हणून. मला पण बरं वाटायचं ऐकायला."

डॉक्टरला एकदम सगळं दिसलं. तहान, लघवी, उतरतं वजन. हे त्याने कुठे वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं, लंबूला शिकवलंही होतं. पण घरात तेच समोर आलं तेव्हा त्याने ते स्वतःच्या यशाच्या खात्यात टाकलं होतं.

"डोळे?" त्याने विचारलं.

"उजव्याने धूसर. हुक खाली सोडताना अंदाजाने सोडतो."

"खाली माणसं असतात, भाऊजी!"

"माहिती आहे मला. अकरा वर्षं चालवतोय." मग त्यांचा आवाज उतरला. "हे बघ, एवढ्या वेळेला दे. महिन्याभरात बाहेर कुठेतरी गुपचूप दाखवतो, औषध सुरू करतो. आत्ता सापडलो तर केबिन गेली. मला दुसरं काय येतं? पोरीची शाळा आहे. तुझ्या ताईला काय सांगू? तुझंच वजन पडतं तिच्याकडे, माझं कुठे पडतं?"

आयुष्यात भाऊजींनी त्याच्याकडे फार थोडं मागितलं होतं. ही नोकरी त्यांनीच लावली होती. पहिल्या दिवशी एकशे बाराव्या पायरीवर त्याचे पाय लटलट कापायला लागले, तेव्हा मागून त्याच्या कमरेला हात देऊन तेच म्हणाले होते, खाली बघू नकोस, माझ्याशी बोल. आणि आता मागणं होतं ते अर्ध्या पेल्याचं.

"नाही देणार," डॉक्टर म्हणाला.

"नाही?"

"नाही."

"काय नाही देणार?" पदराला हात पुसत ताई दारात उभी होती.

भाऊजींनी मान फिरवली. मग डॉक्टरनेच सांगितलं. पहिल्या वर्षापासून सांगितलं, रात्रपाळीच्या सौद्यासकट. सांगताना त्याला उमगलं की यार्डात जी गोष्ट इतकी मजेची वाटते, ती बहिणीसमोर सांगताना एकाही जागी हसू येत नाही.

ताईने सगळं ऐकून घेतलं. तिच्या हाताला अजून पीठ होतं.

"म्हणजे चार वर्षं सिस्टर ह्यांच्या नावावर तुला तपासत होत्या," ती म्हणाली. "आणि मी विचारलं तेव्हा तू मला चांगलं लक्षण आहे म्हणालास."

"ताई, मला खरंच वाटलं—"

"जेवून जा. पोळ्या झाल्यात." ती आत गेली. आतूनच तिने नवऱ्याला सांगितलं, "उद्या मी येतेय तुमच्याबरोबर."

सकाळी सातला चार बाटल्या भरल्या आणि चार रंगांच्या निघाल्या. डॉक्टरची अजून पिवळीच होती. लंबूच्या बाटलीत रक्ताचा अंश सापडला. मूतखडा असणार, गुरुवारी दवाखान्यात येणाऱ्या डॉक्टरसाहेबांना दाखवायचा. नवरदेवाची तपासून सिस्टरांनी चष्मा काढला. "उत्तम. तुला दुसऱ्याची लागलीच कशाला?"

नवरदेव बघतच राहिला. "मग मी वर्षाला महिना-महिना जास्तीच्या रात्री जागलो तो कशासाठी?"

"आगाऊपणासाठी," सिस्टर म्हणाल्या.

भाऊजींच्या बाटलीत त्यांनी साखर तपासायची पट्टी बुडवली आणि सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. घड्याळाचं काम पडलंच नाही. पट्टी बघता बघता गडद तपकिरी झाली. सिस्टरांनी ती ताईला दाखवली, भाऊजींना नाही. नंतर त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाल्या, "बसा, भाऊजी." त्यांच्या तोंडून ती हाक त्या दिवशी पहिल्यांदाच आली.

पुढचं सगळं रीतसर झालं. मोठ्या इस्पितळात रक्त तपासलं, डोळे तपासले. उजव्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्ताचे डाग पडले होते. आहे ते औषधाने आणि पथ्याने टिकेल, गेलं ते यायचं नाही, असं तिथल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. दोन-तीन वर्षं आधी आला असतात तर, एवढं म्हणून त्या थांबल्या. भाऊजींना गेटवर कंटेनरचे नंबर टिपायचं काम मिळालं. केबिनमधून त्यांनी आपली उशी, रेडिओ आणि मुलीने काढलेलं चित्र खाली आणवलं. स्वतः चढले नाहीत. डॉक्टरने ते तीन खेपांत आणलं, एका खेपेत आलं असतं तरी.

सगळ्या चालकांना पाळीत दोनदा खाली उतरायची मुभा सिस्टरांनी फोरमनकडून लेखी घेतली. लंबूचा खडा पडला, आणि आता तो पाण्यावर इतकं बोलतो की नवरदेव कानात कापूस घालतो. रात्रपाळीचा जुना सौदा मोडला. भाऊजींच्या जागी नवा माणूस मिळेपर्यंत त्यांच्या रात्री डॉक्टरने मागून घेतल्या. त्याच्या स्वतःच्या होत्याच. दिवसा खिडकीला चादर लावून तो झोपायचा प्रयत्न करतो, आणि चहात साखर टाकतो. उपदेश बंद आहे. कोणी वजन उतरलं म्हणून फुशारकी मारली, की तो फक्त विचारतो, "तहान लागते का रे फार?"

ताई त्याच्याशी बोलते, पण कामापुरतं.

पहाटे पाळी संपायच्या सुमाराला केबिनमधून कुंपणापलीकडचा रस्ता दिसू लागतो. त्या रस्त्याने रोज दोन माणसं चालत येतात. इतक्या उंचावरून तोंडं ओळखू येत नाहीत, चाल येते. भाऊजींना चालायला सांगितलं आहे, ते चालतात. ताई त्यांच्या उजव्या अंगाने चालते. खड्डा आला, दगड आला, समोरून सायकल आली, की तिचा हात त्यांच्या कोपराला लागतो आणि लगेच सुटतो. भाऊजी बोलत असतात. बोलता बोलता थांबत नाहीत, म्हणजे तो हात त्यांच्या ध्यानातही येत नसावा. ती दोघं वळणाआड जाईपर्यंत डॉक्टर हुक हलवत नाही.

हिशेब मांडायचाच तर सोपा आहे. चार वर्षांत डॉक्टरने जवळजवळ तीनशे रात्रींची झोप कमावली. त्यातली शंभराच्या वर परत केली आहे, उरलेलीही फेडील. लंबूने एक खडा दिला. नवरदेवाने फुकटचं जागरण दिलं. भाऊजींनी एक डोळा दिला आणि एकशे बारा पायऱ्यांवरची खोली दिली. आणि ताईने, जिने कोणाकडून एक थेंब घेतला नव्हता की एक रात्र मागितली नव्हती, तिने बायकोची रीतीची डावी बाजू सोडली, आणि आता आयुष्यभर नवऱ्याच्या उजव्या बाजूला चालायचं पत्करलं.