कुंपणावरचा हातमोजा

तीरिलने कपातला मातीचा गोळा चमच्याने दाबला, दोनदा टोचला आणि मग जीभ बाहेर काढून गरागरा ढवळायला लागली. सर्दी झाली म्हणून आज तिला शाळेला सुट्टी होती. काल सगळे नवं घर बघायला गेले तेव्हा ओढ्याकाठची ही माती तिने खिशात भरून आणली होती आणि एक लाल हातमोजा तिथेच कुठेतरी टाकून आली होती. त्यावरून सकाळी बोलणी खाऊन झाली होती.

“आई, बघ ना. सूप झालं!”

तोरुन ओट्यापाशी पावाला चीज लावत होती. तिने मान वळवली. मघाशी कपात घट्ट, करडा गोळा होता. तीरिलने कप कलता केला तशी ती माती पातळ ताकासारखी काठापाशी आली.

“पाणी घातलंस यात?”

“नाही. नुसतं ढवळलं.”

“खरं सांग, तीरिल.”

“नाही ना घातलं!”

तोरुनने कप काढून घेतला.

असं सूप तिच्या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ही माती एके काळी समुद्राच्या तळाशी होती. तिच्यातलं मीठ पावसापाण्याने धुऊन गेलं, की ती वरून शहाण्यासारखी घट्ट दिसते, आणि कुणी हलवलं की तिचं पाणी होतं. तोरुन तीरिलएवढी असताना शेजारच्या मळ्यावर ओढ्याचा काठ खणला गेला आणि एका दुपारी तिथली जमीन वितळली. गोठा गाईंसकट उभाच्या उभा सरकत खाली गेला. त्याच्या खिडकीतली फुलझाडाची कुंडीसुद्धा पडली नाही. मग वळणावर तो बुडाला. त्या दिवशी तोरुनच्या वडिलांनी आपल्या परसातली माती कपात घेऊन अशीच ढवळली होती. ती घट्टच राहिली, तेव्हा कुठे आई रडली.

आणि आज सकाळी तिच्या नवऱ्याने, होवार्दने, कालच्या त्या घरावर बोली लावली होती.

नॉर्वेत बोली म्हणजे दिलेला शब्द. आकडा आणि मुदत दलालाला कळवली, की मुदतीत मालकाने हो म्हटलं तर घर तुमचं. आणि दलालाने तो आकडा मालकाच्या कानावर घातला, की मागे फिरता येत नाही. बूट घ्यायला चार दुकानं पालथी घालणारे लोक घर मात्र रविवारी अर्धा तास बघतात आणि सोमवारी जन्माचं गळ्यात बांधून घेतात. त्यात होवार्द म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्यांची बोली सकाळीच मालकिणीच्या कानावर गेली होती आणि तिची मुदत दुपारी बारापर्यंत होती.

“होवार्द!”

तो वरून आला. तिने काही न बोलता कप त्याच्या पुढ्यात कलता केला.

“हे काय?”

“त्या घराच्या मागची माती.”

तो हसला. “एका कपावरून तू घर पाडतेस? मी नकाशा बघितलाय. धोक्याच्या पट्ट्यात ते घर नाहीये.”

“नकाशावाल्यांनी प्रत्येकाच्या परसात भोक पाडून बघितलं का? आणि मागचं दार? खांदा लावून उघडलंस तू.”

“लाकूड फुगतं गं.”

“ओढ्याकाठचे बर्चही फुगलेत? सगळे एका अंगाला कलंडलेत. मला काल दिसले. दिसले आणि मी म्हटलं, काय छान सावली पडेल.”

यावर होवार्द हसला नाही. त्याने चमचा उचलून स्वतः ढवळून पाहिलं आणि खुर्ची ओढून बसला.

“दलालाला सांगूया,” तोरुन म्हणाली.

“सांगितलं, की त्याला ते बाकीच्यांनाही सांगावं लागणार. मग कोण बोली लावेल? उरेल फक्त आपली.” त्याचा आवाज खाली आला होता. “मालकीण तिलाच हो म्हणेल आणि आपण तिथे राहायला जाऊ. हिला घेऊन.”

तीरिल नाक ओढत दोघांकडे बघत होती.

“मग काय करायचं?”

“गप्प बसायचं. कुणी आपल्यावर चढवली आणि मालकीण त्यांना हो म्हणाली, की सुटलो.”

तोरुन गप्प बसली. तिला भीती वाटत होती, आणि त्या भीतीत ती देवाला विनवत होती, की काल त्यांच्याबरोबर घर बघायला आलेल्या त्या जोडप्याने जास्त बोली लावू दे. ती बाई पोटुशी होती, दिवस भरत आलेले. घरात शिरताना बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायला तिला वाकवत नव्हतं, म्हणून नवरा गुडघ्यावर बसून चढवत होता. काल तोरुनला ते दोघे डोळ्यांसमोर नको झाले होते. कशाला आलेत कडमडायला, असं वाटलं होतं. आज तेच तारणहार.

बारा वाजत आले तेव्हा फोन वाजला. तोरुनने तो उचलून टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

“त्रोन्द बोलतोय.” दलालाचा आवाज नेहमीसारखा ताज्या पावासारखा गरम होता. “तुमच्यावर बोली आलीय. चढवताय?”

होवार्दने डोळे मिटले. तोरुनच्या जिवात जीव आला. तिला चक्क हसू फुटलं.

“नाही. आम्ही थांबतो,” ती म्हणाली.

“अरेरे. मला वाटलं होतं, तुम्हालाच मिळेल. मालकीणबाई इथे शेजारीच बसल्यात, आता आकडा सांगितला की हो म्हणतील. बरं, एक राहिलंच. तुमच्या मुलीचा हातमोजा हरवलाय का? लाल?”

“माझा!” तीरिल ओरडली.

“काल तुमच्याबरोबर आत होत्या ना, ही बोली त्यांचीच, त्या बाईंना ओढ्याकाठी सापडला. तशा अवस्थेत उतार उतरून गेल्या, बघा! म्हणाल्या, कुंपणाच्या खांबावर अडकवलाय, लांबूनही दिसेल.”

सापडलेला पोराचा हातमोजा इथे कुणी घरी नेत नाही आणि टाकूनही देत नाही. जवळच्या खांबावर, उंच, दिसेल असा अडकवून पुढे जायचं. तोरुनने स्वतः कितीतरी अडकवले होते. कुणाच्या पोराचा, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

“बरं, ठेवतो मग,” त्रोन्द म्हणाला.

होवार्दने ठेव, ठेव म्हणून हात हलवला.

“थांबा.” तोरुनने कप जवळ ओढला. “मालकीणबाईंना तो आकडा अजून सांगू नका. आधी त्या बाईंना सांगा. मागची माती वाईट आहे. ढवळली की तिचं पाणी होतं. माझ्यासमोर कपात आहे.”

पलीकडून दाराचा आवाज आला. त्रोन्द बाहेर गेला असावा.

“तोरुन, हे मला त्यांना सांगावंच लागेल. ते अजून मागे फिरू शकतात. फिरले तर... तुमची बोली बारापर्यंत उभी आहे. कळतंय ना?”

“कळतंय.”

फोन बंद झाला. होवार्दने डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. तोरुनही त्याच्या शेजारी बसली.

“आई, माझा हातमोजा आणायला जायचं ना?”

“जायचं.”

“त्याच घरी?”

तोरुनने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि तीरिलला मांडीवर ओढून घेतलं.

“त्याच घरी,” ती म्हणाली.