भिंतीतली छत्री

"पेंटर, उतरा खाली! छत्री गेली!"

टपरीवाली मावशी रस्त्याच्या पलीकडून ओरडली तेव्हा मी शिडीवर होतो, औषधाच्या दुकानाची पाटी रंगवत. तिच्या रेडिओभोवती माणसं जमली होती. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी नुसतंच उभं होतं. इतकी वर्षं राज्य चालवणारा छत्रीचा पक्ष हरला होता. नुसता हरला नव्हता, आडवा झाला होता.

"आता तुमचं कसं व्हायचं?" मावशीनं विचारलं. "छत्रीवालेच तर तुमचं गिऱ्हाईक."

"माझं काय व्हायचंय? सरकार कुणाचंही येवो, भिंती तिथंच राहतात."

म्हणालो खरा, पण ब्रश डब्यात ठेवला आणि शिडीवरच बसून राहिलो. आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. निवडणुकीच्या भिंती ज्यानं रंगवल्या, त्यानंच त्या निकालानंतर पुसायच्या. पैसे जिंकणारा देतो. म्हणजे गावातल्या सगळ्या छत्र्या आता मी पुसायच्या होत्या. आणि त्या छत्र्या माझ्या नव्हत्या. हिच्या होत्या.

अक्षरं माझी आणि चित्र हिचं, अशी आमची लग्नापासूनची वाटणी. मी शिडीवर, ही खाली. हिची छत्री नेहमी जराशी कललेली असायची. पक्षाचे सेक्रेटरी एकदा तणतणत आले होते. "बाई, आमची छत्री सरळ का नाही?"

"साहेब, पाऊस कुठं सरळ येतो?" ही म्हणाली. सेक्रेटरी तोंडात मारल्यासारखे परत गेले.

मत कुणाला दिलंस, असं दर निवडणुकीला मी विचारायचो. "तुम्हाला नाही दिलं, एवढं नक्की," असं म्हणून ती कामाला लागायची. छत्रीला देत होती की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

ह्या वेळी प्रचार सुरू झाला तेव्हा ती आजारीच होती. मी म्हटलं, घरी पड. तर म्हणाली, "पडून छताकडेच बघायचं ना? त्यापेक्षा भिंत बरी." पाण्याच्या टाकीखालच्या लांब भिंतीपाशी स्टुलावर बसून तिनं एक छत्री काढली. त्यानंतर ब्रश हातात धरला नाही. ऐन प्रचारात गेली. आम्ही तिला नेत होतो तेव्हाही रस्त्यावर भोंगे चालू होते. आमच्यासाठी जरा वेळ बंद केले, मग पुन्हा सुरू.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी जिंकलेल्या चष्म्याच्या पक्षाचा कार्यकर्ता घरी आला. चांगला मुलगा आहे, फक्त घाईत असतो.

"काका, रविवारी मिरवणूक टाकीवरून येणार. त्याच्या आत भिंत पांढरीफटक पाहिजे. वर मोठ्ठ्या अक्षरात, जनतेचे आभार."

बाकीच्या भिंती मी पुसल्या. बघायचंच नाही असं ठरवून पुसल्या. चुना मारायचा आणि पुढं जायचं. टाकीची भिंत मुद्दाम शेवटी ठेवली. तिथं चुन्याचे दोन हात दिले. ओल्या चुन्यातून खालचं दिसतंच, पण वाळल्यावर सगळं पांढरं झालं. छत्री दिसेनाशी झाली. मी घरी येऊन जेवलो नाही, तसाच आडवा झालो.

सकाळी जाऊन बघतो तर छत्री वर आलेली.

आधी फिकट, जुन्या जखमेच्या वणासारखी. ऊन चढलं तशी लाल झाली. कललेली, जशीच्या तशी. माझी अक्षरं मेली ती मेलीच, ती बाजारच्या रंगाची होती. ही मात्र स्वतःचा लाल रंग घरी तयार करायची, जवसाच्या तेलात पूड खलून. आणखी काय घालायची ते मी कधी विचारलं नाही. बाकीच्या छत्र्या जुन्या निवडणुकांच्या, त्यांतलं तेल कधीच सुकलेलं; ह्या ताज्या छत्रीचं तेल चुन्यातून वर येत होतं. हे मला कळत होतं. तरी अंगावर काटा आला.

पुन्हा चुना मारला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर.

मग गावाला विषयच मिळाला. मावशी म्हणाली, "भरदिवसा त्या भिंतीकडे बघवत नाही हो." हरलेले सेक्रेटरी निकालानंतर घराबाहेर पडले नव्हते. ते इस्त्रीचे कपडे घालून आले आणि भिंतीशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला. "जनता विसरली, पण भिंत नाही विसरली!" असं दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज जरा कापला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाईंच्या हातची ना ही?"

मी मान हलवली. ते फोटोवाल्याला न घेताच निघून गेले.

चष्मेवाला मात्र पेटला. "काका, छत्रीवाल्यांनी तुम्हाला किती चारले?"

"अरे, इतकी वर्षं त्यांनी मला चुना लावला. आता मी त्यांना लावतोय, तर तेही तुला बघवत नाही?"

तो हसला नाही. "उद्या मशीन मागवतो. प्लास्टरसकट खरवडून काढतील."

"मशीन नको," मी म्हणालो. "मी करतो."

संध्याकाळी लेक आली. दवाखान्यात नर्स आहे, दोन गल्ल्या सोडून राहते. चहा टाकला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"बाबा, लाख का देत नाही?"

रंगाऱ्याची पोर ती, तिला कोण फसवणार? लाखेचा एक हात दिला की खालचं तेल अडतं. मग वर चुना मारा, काही मारा, खालचा रंग जन्मात वर येत नाही.

"संपलीय लाख."

"फळीवर डबा दिसतोय मला."

 तिनं कप माझ्यासमोर ठेवला.

"मीसुद्धा जाते तिकडे. वाट वाकडी करून जाते. काल आईची छत्री वर आलेली बघितली आणि भर रस्त्यात रडले. एक बाई विचारत होती, काय झालं गं म्हणून. पण बाबा, रोज तुम्ही तिला पुरता आणि रोज वर येऊ देता. हे किती दिवस चालायचं?"

"मशीन लागलं तर काहीच राहणार नाही गं."

"मग लाख द्या. निदान आत तरी राहील."

एवढं बोलून ती तिच्या घरी गेली. कपबशा विसळायच्या विसरली. आईसारखी नाही त्या बाबतीत.

सकाळी डबा घेऊन गेलो. रस्त्याला अजून जाग नव्हती. लाखेचा वास नाकात बसतो, डोळ्यांत पाणी आणतो, त्यामुळे एक बरं असतं, कुणी काही विचारत नाही. छत्रीच्या टोकापासून सुरुवात केली. ब्रशखाली तिचा हात लागत होता. रंग कुठं भरून दिलाय, कुठं हलका सोडलाय, सगळं लागत होतं. कापड झाकलं. काड्या झाकल्या. दांडा अर्धा झाकला.

मुठीपाशी आलो आणि थांबलो. तिथं एक ओघळ होता. वाळून घट्ट झालेला, बोटाला लागेल इतका जाड. ही ओघळ कधी येऊ द्यायची नाही. माझ्या अक्षराला ओघळ आला तर खालून ओरडायची, "अहो, अक्षर रडतंय तुमचं!" इथं ती दम खायला थांबली असणार. ब्रश भिंतीला टेकलेला तसाच राहिला असणार.

माझ्या पाठीमागं कुणीतरी दम टाकला. स्पष्ट ऐकू आला. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर तिथं कुणी नसतं, आणि ते मला नको होतं.

ब्रश धुतला. लाख वाळल्यावर सगळ्या भिंतीला चुना मारला, मुठीवरूनही मारला. मग जनतेचे आभार लिहिले. अक्षरं चांगली आली.

रविवारी मिरवणुकीच्या आधी चष्मेवाला भिंत तपासायला आला. खूश झाला. मग अक्षरांच्या खाली वाकून बघायला लागला. चुन्यातून मुठीचा लाल आकडा दिसत होता, खालून वळलेला.

"काका, हे काय?"

"ओल आहे."

"वाळलं की जाईल?"

"जाईल."

तेवढ्यात ताशे वाजायला लागले आणि तो पळाला. मिरवणूक गेली. त्या आकड्याकडे कुणी बघितलं नाही. लेक मात्र कोपऱ्यावर उभी होती. तिनं बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ड्यूटीवर गेली.

नवीन सरकार बसलं. गावातल्या बाकी सगळ्या भिंती पुसून झाल्या. लाखेचा डबा अर्धा भरलेला आहे. मुठीवर लाख द्यायची राहिली आहे.